मुसाफर आणि मिसाफिर

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचा नकाशा समोर ठेवला, तर फेथिये आणि अंताल्या या दोन शहरांच्या मध्ये जमिनीचा एक मोठा फुगवटा भूमध्य समुद्रात शिरलेला दिसतो. तोरोस पर्वताच्या रांगा येथे समुद्राच्या अगदी जवळ येतात. काही शिखरे तीन हजार मीटरांहून उंच आहेत, आणि हिवाळ्यात किनाऱ्यावर संत्री पिकत असताना त्यांच्या माथ्यावर बर्फ असते. पर्वत आणि पाणी यांच्यामध्ये सपाट जमीन थोडी. त्यामुळे या भागात खुष्कीचा मार्ग नेहमीच अवघड राहिला आणि हजारो वर्षे समुद्र हाच येथील राजमार्ग होता. प्राचीन काळी या प्रदेशाला लिशिया म्हणत. या लिशियाच्या किनाऱ्यावर आजही एक असे गाव आहे, की जेथे मोटार जात नाही. गावाचे नाव कालेक्योय.

या गावाची ओळख करून घेण्यापूर्वी त्याच्या शेजाऱ्यांची थोडी ओळख करून घेणे इष्ट ठरेल, कारण या गावाची शांतता म्हणजे काय हे त्या शेजाऱ्यांवाचून कळत नाही. तुर्कस्तानने १९८२ साली पर्यटनास उत्तेजन देणारा एक कायदा केला. सरकारी जमिनी दीर्घ मुदतीच्या कराराने हॉटेलांना मिळू लागल्या, कर्जाच्या आणि करांच्या सवलती मिळू लागल्या, आणि पुढच्या दोन पिढ्यांत अंताल्या, मार्मारिस, बोद्रुम या किनाऱ्यांचे रूप पार पालटून गेले. २०१९ साली साडेचार कोटी परदेशी प्रवासी तुर्कस्तानात आले, आणि त्यांतील फार मोठा भाग अंताल्या प्रांतातच उतरला. विमानतळावरून बसमध्ये, बसमधून हॉटेलात, हॉटेलातून पोहण्याच्या तलावावर आणि आठवड्याने पुन्हा विमानतळावर, असा या पाहुण्यांपैकी अनेकांचा क्रम असतो. खोली, जेवण, पेय, करमणूक या सर्वांचे पैसे आधीच भरलेले असतात. त्यामुळे हॉटेलच्या फाटकाबाहेर पाऊल टाकण्याचे त्यांना कारणच पडत नाही. तुर्कस्तानात सात दिवस राहून एकाही तुर्काच्या घरी चहा न पिता परत जाणे ही आज सहज शक्य असलेली गोष्ट आहे.

कालेक्योयला जाणाऱ्याला मात्र असे करता येत नाही. अंताल्याहून पश्चिमेकडे निघालेला किनाऱ्याचा महामार्ग देम्रे या गावी येतो. देम्रे म्हणजे प्राचीन मायरा. चौथ्या शतकात येथे निकोलस नावाचा बिशप होऊन गेला आणि त्याच्याच आठवणीतून पुढे युरोपात सांता क्लॉजची कथा वाढली. आजचे देम्रे मात्र टोमॅटोचे गाव आहे. दूरवर नजर टाकली तर काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या लागवडघरांचे पांढरे छप्पर पसरलेले दिसते. देम्रे मागे टाकल्यावर महामार्ग सोडावा लागतो. खडकाळ टेकड्या, ऑलिव्हची झाडे, शेळ्यांचे कळप यांच्यामधून एक फाटा खाली समुद्राकडे उतरतो आणि उचाअझ या बंदराशी संपतो. 'उच' म्हणजे तीन आणि 'आअझ' म्हणजे तोंड. खाडीला समुद्राकडे उघडणारी तीन मुखे आहेत, म्हणून हे नाव. येथे गाडी ठेवायची आणि होडीत बसायचे. ज्याला होडी नको असेल त्याने टेकडीच्या कडेने पायवाट धरावी. याखेरीज कालेक्योयला जाण्याचा तिसरा मार्ग नाही.

होडी खाडीतून बाहेर पडली की डावीकडे एक उभी टेकडी दिसू लागते. टेकडीच्या माथ्यावर दातेरी तटबंदीचा एक मध्ययुगीन किल्ला आहे, आणि त्याच्या पायथ्यापासून पाण्यापर्यंत दगडी घरे एकावर एक रचल्यासारखी उतरत आली आहेत. 'काले' म्हणजे किल्ला आणि 'क्योय' म्हणजे गाव. मराठी श्रोत्याला येथे थोडे थबकावेसे वाटेल. आपला 'किल्ला' आणि तुर्कांचा 'काले' हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून निघाले आहेत. तो शब्द फारशीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि राजगड-रायगडांच्या इतिहासात मिसळून गेला. तोच शब्द पश्चिमेकडे जाऊन या चिमुकल्या गावाच्या नावात बसला. तेव्हा कालेक्योयचे मराठी भाषांतर करायचे तर 'किल्लेगाव' असे करावे, आणि ते भाषांतर न वाटता नात्यातले नाव वाटेल.

अशी नाती येथे पावलोपावली भेटतात. दुकानाला येथे 'दुक्कान' म्हणतात, हवेला 'हावा', जगाला 'दुन्या'. गावाच्या निवडून आलेल्या प्रमुखाला 'मुख्तार' म्हणतात. आपल्या कोर्टकचेरीतील मुखत्यार तो हाच. येणाऱ्याचे स्वागत करताना तुर्क माणूस 'होश गेल्दिनिझ' म्हणतो. तुमचे येणे सुखाचे झाले, असा त्याचा अर्थ. यातील 'होश' म्हणजे आपला 'खूश'. आणि आलेल्याने उत्तर द्यायचे असते, 'होश बुल्दुक', म्हणजे आम्हालाही सर्व सुखाचेच आढळले. स्वागताला ठरावीक उत्तर असावे ही मोठी अर्थपूर्ण पद्धत आहे. पाहुण्याकडेही काही कर्तव्य असते, याची ती पहिल्याच वाक्यात जाणीव करून देते.

परंतु या सर्व शब्दांत विचार करण्यासारखा शब्द आहे 'मिसाफिर'. आपण ज्याला मुसाफर म्हणतो तोच हा शब्द. आपल्याकडे मुसाफर म्हणजे वाटसरू. तो कोठून तरी निघालेला आणि कोठे तरी जाणारा असतो, आपल्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही. तुर्की भाषेत मात्र मिसाफिर म्हणजे पाहुणा. वाटसरू उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला की तो पाहुणा झाला, असे जणू त्या भाषेने ठरवून टाकले आहे. आगाऊ न कळविता अचानक दाराशी आलेल्या माणसाला तर 'तान्र मिसाफिरी', म्हणजे देवाचा पाहुणा म्हणतात. अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या देशाला ही कल्पना परकी वाटू नये. मुसाफर आणि मिसाफिर यांच्यामधील हे जे एका उंबरठ्याचे अंतर आहे, त्या अंतरावरच कालेक्योयसारख्या गावाचे भवितव्य अवलंबून आहे.

होडी धक्क्याला लागते तेथून जवळच, उथळ पाण्यात, एक मोठी दगडी शवपेटी उभी आहे. तिचे झाकण उलट्या ठेवलेल्या नावेसारखे निमुळते आहे. कधी काळी ती जमिनीवर होती. जमीन खचली, पाणी वर आले, आणि आता तिच्या भोवताली मासे फिरतात. गावात अशा शवपेट्या ठिकठिकाणी आढळतात. जुन्या ऑलिव्हच्या झाडांखाली त्यांचे एक सबंध स्मशानच आहे. प्राचीन लिशियन लोक आपल्या मृतांना जिवंतांच्या वस्तीपासून दूर ठेवीत नसत. रोमन काळातील अशा कित्येक कबरींवर लेख कोरलेले असतात, आणि त्यांत शोकापेक्षा कायदाच अधिक असतो. ही जागा कोणाची, येथे कोणाला पुरायचे, आणि परवानगीवाचून दुसऱ्याला पुरल्यास नगराच्या तिजोरीत किती दंड भरायचा, हे त्यांत स्पष्ट लिहिलेले असते. जागेवरून होणारे तंटे या किनाऱ्याला नवे नाहीत.

गावाचे प्राचीन नाव सिमेना. रोमन लेखक प्लिनी याने आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. किल्ल्याच्या आत, खडकातच खोदून काढलेले एक लहानसे नाट्यगृह आहे. त्याला आसनांच्या सात रांगा आहेत आणि सुमारे तीनशे माणसे त्यात बसू शकतील. लिशियातील इतर नगरांची हजारो प्रेक्षकांची भव्य नाट्यगृहे पाहून येणाऱ्याला हे खेळण्यासारखे वाटते. पण ज्या गावाची लोकसंख्याच बेताची, त्या गावानेही आपल्यापुरते नाट्यगृह खोदून घ्यावे, ही गोष्ट त्या संस्कृतीबद्दल बरेच काही सांगून जाते.

या लिशियन लोकांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांची भाषा इंडो-युरोपीय कुळातील अनातोलियन शाखेची होती, म्हणजे संस्कृतची आणि पर्यायाने मराठीची ती दूरची नातलग. घोड्याला ते 'एस्बे' म्हणत. 'अश्व' या शब्दाशी असलेले त्याचे साम्य सांगावयास भाषापंडिताची गरज नाही. १९७३ साली लेतून येथील उत्खननात लिशियन, ग्रीक आणि अरामी अशा तीन भाषांतला एक शिलालेख सापडला आणि या भाषेच्या अभ्यासाला मोठा आधार मिळाला. पण लिशियन लोकांची खरी कीर्ती आहे ती त्यांच्या राज्यव्यवस्थेसाठी. स्ट्राबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवले आहे, की लिशियातील तेवीस नगरांचा एक संघ होता. मोठ्या नगराला तीन मते, मध्यमाला दोन आणि लहानाला एक, अशी त्याची वाटणी होती आणि कराचा बोजाही त्याच प्रमाणात उचलला जाई. अठराव्या शतकात माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने या संघाची प्रशंसा केली, आणि अमेरिकेची राज्यघटना घडत असताना तिच्या पुरस्कर्त्यांनी लिशियाचा दाखला दिला. त्या संघात सिमेनाला स्वतःचे मत नव्हते. आपेर्लाय, अपोलोनिया, इसिंदा आणि सिमेना ही चार छोटी गावे एकत्र येऊन एक मत देत. पाव मताचे का होईना, पण या गावाचे म्हणणे विचारात घेतले जात होते.

कालेक्योयच्या समोर, खाडीपलीकडे, केकोवा नावाचे एक लांबट बेट आहे. बेटावर आज वस्ती नाही. १९३२ साली इटली आणि तुर्कस्तान यांच्यात जो करार झाला त्याने हे बेट तुर्कस्तानकडे आले. या बेटाचा उत्तरेकडचा किनारा म्हणजेच प्रसिद्ध 'बुडालेले शहर'. होडीतून जाताना पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या दिसतात, घरांच्या भिंती अर्ध्या पाण्याबाहेर आणि अर्ध्या पाण्याखाली दिसतात, आणि खालच्या निळाईत रांजणांचे तुकडे दिसतात. भूकंपांनी आणि जमिनीच्या खचण्याने हे घडून आले. इसवी सन १४१ मध्ये लिशियात एक फार मोठा भूकंप झाला. त्या वेळी ऱ्होदियापोलिस येथील ओप्रामोआस नावाच्या धनिकाने अनेक नगरांच्या पुनर्बांधणीसाठी सढळ हाताने देणग्या दिल्या, आणि त्याच्या कबरीच्या भिंतींवर त्या देणग्यांची सविस्तर नोंद कोरलेली आहे. बुडालेल्या शहराच्या या पट्ट्यात आज पोहण्यास आणि बुडी मारण्यास मनाई आहे. वरून पाहावे आणि पुढे जावे.

दिवसा बाराच्या सुमारास कालेक्योय शांत नसते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काश, देम्रे आणि उचाअझ येथून सहलींच्या होड्या या वेळी येतात. तासाभरासाठी गावाच्या एकुलत्या एक चढणीवर परक्या भाषांचा कोलाहल माजतो. बायका वाटेच्या कडेला बसून कडांना नाजूक विणकाम केलेले रुमाल, वाळविलेला ओवा-पुदिन्याच्या जातीचा सुगंधी पाला आणि ऑलिव्हचे तेल विकतात. घरी केलेले आइसक्रीम विकत घेऊन लोक किल्ल्यावर चढतात, छायाचित्रे काढतात आणि उतरतात. मग शिट्टी होते, होड्या निघून जातात, आणि पाण्यावरची लाट किनाऱ्याला लागून विरून जावी तसा तो कोलाहल विरून जातो.

गाव खरे दिसते ते यानंतर. उन्हाळ्यात दुपारभर वाहणारा 'मेल्तेम' वारा संध्याकाळी पडतो. खाडीचे पाणी तेलासारखे स्थिर होते. कोणी जाळे उलगडीत बसलेला असतो, कोणी होडीच्या तळाला रंग देत असतो. कॅरोबच्या झाडाखाली शेळ्या येऊन उभ्या राहतात. या झाडाच्या काळ्या, वाकड्या शेंगांना तुर्की भाषेत 'बोकडाचे शिंग' म्हणतात. ग्रीकांनाही तेच सुचले होते. त्यांच्या 'छोटे शिंग' या अर्थाच्या शब्दावरूनच सोने आणि हिरे मोजण्याचे 'कॅरट' हे नाव जन्माला आले. ट्यूलिपच्या फुलासारख्या छोट्या काचेच्या पेल्यातून चहा येतो. एक संपला की न विचारता दुसरा येतो. मोडक्या-तोडक्या भाषेत चौकशी होते. देश कोणता, लग्न झाले आहे का, मुले किती, आईबाप हयात आहेत का. युरोपीय प्रवाशाला हे प्रश्न खाजगी वाटतात. हिंदुस्थानातून गेलेल्या माणसाला ते प्रश्न आपल्याच आळीतले वाटतात आणि त्यांची उत्तरे तो पटापट देतो.

रात्रीच्या मुक्कामासाठी येथे मोठे हॉटेल नाही. कुटुंबे आपल्या घरातील काही खोल्या पाहुण्यांना देतात आणि या व्यवस्थेला 'पांसियोन' म्हणतात. सकाळच्या न्याहारीला पाव, ऑलिव्ह, टोमॅटो, काकडी, मध आणि 'पेयनिर' असते. हे पेयनिर म्हणजे आपले पनीर, फक्त अधिक खारट. पैसे अर्थातच द्यावे लागतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. तथापि पैसे घेऊनही यजमानपण सुटू द्यायचे नाही ही कसरत ही कुटुंबे कशी साधतात, हे पाहण्यासारखे आहे. पाहुण्याला हिशेबाच्या कागदाआधी चहा दिला जातो. निघतानाही हिशेबानंतर चहा दिला जातो. व्यवहार मधे ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना आतिथ्याची किनार लावलेली असते.

येथवर ऐकून कोणालाही वाटेल, की हे गाव दैवयोगाने वाचले. वस्तुस्थिती तशी नाही. पर्यटनाला उत्तेजन देणाऱ्या १९८२ च्या कायद्यानंतर एकाच वर्षाने, १९८३ साली, तुर्कस्तानने सांस्कृतिक आणि नैसर्गिक ठेव्याच्या रक्षणाचा दुसरा कायदा केला. एक कायदा बांधा म्हणणारा, दुसरा बांधू नका म्हणणारा. या किनाऱ्याचा गेल्या चार दशकांचा इतिहास म्हणजे या दोन कायद्यांच्या ओढाताणीचा इतिहास होय. केकोवाचा परिसर १९९० साली विशेष पर्यावरण-संरक्षण क्षेत्र म्हणून जाहीर झाला. २००० साली त्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. मोठे हॉटेल येथे उभे राहिले नाही, किनाऱ्यावर काँक्रीट ओतले गेले नाही, टेकडी फोडून रस्ता झाला नाही, याचे श्रेय योगायोगाला न देता या निर्बंधांना दिले पाहिजे.

परंतु प्रत्येक निर्बंध कोणाच्या तरी खांद्यावर बसतो. पहिल्या दर्जाच्या पुरातत्त्वीय क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. जुन्या घराच्या दुरुस्तीलाही संरक्षक मंडळाची अनुमती लागते. छप्पर गळू लागले, मुलाचे लग्न ठरले, एक खोली वाढवायची गरज पडली, तर त्या कुटुंबाने काय करावे? ज्या घरांनी गावाला सौंदर्य आणले त्या घरांत राहणाऱ्या माणसालाच त्या सौंदर्याचा सर्वांत जड भार सोसावा लागतो. परवानगीची वाट पाहावी तर पावसाळा येतो, न पाहता भिंत उभारावी तर दंड होतो. तरुण माणसे शहराचा रस्ता धरतात तेव्हा त्यांना दोष देणे सोपे आहे. पण किल्ला, कबरी आणि भिंती राखून माणसे हरवली, तर राहील ते गाव नसेल, संग्रहालय असेल. शासनाचे हेतू शुद्ध असूनही असे घडू शकते, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक काळजी करण्यासारखी आहे.

यात आणखी एक बदल घडला. २०१२ साली झालेल्या एका कायद्याने महानगर-प्रांतांतील सर्व खेड्यांचा ग्राम म्हणून असलेला कायदेशीर दर्जा काढून घेण्यात आला आणि २०१४ पासून ती खेडी नगरपालिकांचे विभाग बनली. अंताल्या प्रांत त्यांत होता. अशा विभागाला तुर्की भाषेत 'माहाल्ले' म्हणतात, म्हणजे आपला मोहल्ला. गावे तीच राहिली, पण कागदोपत्री ती गावे उरली नाहीत. मुख्तार निवडला जातो, परंतु पूर्वी गावाच्या नावावर असलेली सामायिक मालमत्ता आता गावाची राहिली नाही. कारभार सुटसुटीत व्हावा हा त्यामागील उद्देश. दोन हजार वर्षांपूर्वी पाव मताचा धनी असलेल्या सिमेनाने या सुधारणेकडे कोणत्या नजरेने पाहिले असते, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती पाहण्यासाठी बोद्रुमकडे वळले पाहिजे. बोद्रुम म्हणजे इतिहासकार हेरोडोटसचे जन्मगाव हॅलिकार्नासस. १९२५ साली जेवात शाकिर नावाच्या लेखकाला एका लेखाबद्दल शिक्षा झाली आणि त्याला या दूरच्या, दरिद्री कोळीवाड्यात हद्दपार करण्यात आले. शिक्षा भोगायला आलेला हा माणूस त्या गावाच्या आणि समुद्राच्या प्रेमात पडला. शिक्षा संपल्यावर तो आपण होऊन तेथे परत आला आणि दोन दशके राहिला. 'हॅलिकार्नाससचा कोळी' हे टोपणनाव घेऊन त्याने कोळ्यांच्या, स्पंज काढणाऱ्यांच्या कथा लिहिल्या, आणि परदेशांतून बिया मागवून गावात झाडे लावली. मित्रांना घेऊन तो स्पंजवाल्यांच्या साध्या होड्यांतून किनाऱ्याने भटकत असे. सोबत पाव, चीज, तंबाखू आणि भरपूर गप्पा. या भटकंतीला 'नीलयात्रा' असे नाव मिळाले. त्याची मैत्रीण, ग्रीक वाङ्मयाची विदुषी आझ्रा एर्हात हिने १९६२ साली त्याच नावाचे पुस्तक लिहिले.

पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. नीलयात्रा हा आज एक मोठा व्यवसाय आहे आणि बोद्रुम हे तुर्कस्तानातील सर्वांत गजबजलेल्या विहारस्थळांपैकी एक आहे. जेवात शाकिर १९७३ साली वारला. ज्या शांततेसाठी लोकांनी यावे म्हणून त्याने लिहिले, ती शांतता येणाऱ्या लोकांनीच संपविली. त्याने लिहावयास नको होते असे कोण म्हणेल? पण शांत गावाचे गुणगान करणारा प्रत्येक माणूस त्या शांततेचा थोडासा तरी खर्च करीत असतो, हे बोद्रुमने शिकविले आहे. हे ज्यांनी ऐकले त्यांना निर्बंधांचा निव्वळ तिटकारा करता येणार नाही.

निर्बंध आणि रहिवासी यांचे जमू शकते याचीही उदाहरणे याच किनाऱ्यावर आहेत. दाल्यानजवळच्या इझतुझू या वाळूच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. १९८० नंतरच्या दशकात तेथे परदेशी भांडवलाने एक मोठे हॉटेल उभे राहणार होते. किनाऱ्यावरील एका लाकडी झोपडीत राहणाऱ्या जून हेमॉफ या इंग्रज बाईंनी आणि तुर्की निसर्गप्रेमींनी त्याविरुद्ध आवाज उठविला, जगभरातून त्यांना पाठिंबा मिळाला आणि १९८८ साली तो भाग संरक्षित जाहीर झाला. हॉटेल झाले नाही. कासवे आजही येतात, रात्री किनारा माणसांना बंद असतो, आणि दिवसा तेथील होडीवाले कासवांच्याच किनाऱ्यावर प्रवासी नेऊन आपला संसार चालवितात. १९९९ साली केट क्लो या इंग्रज बाईंनी जुने रोमन रस्ते आणि धनगरांच्या पायवाटा जोडून सुमारे पाचशे किलोमीटरांची 'लिशियन वाट' आखली. ती कालेक्योयवरून जाते. पाठीवर पिशवी घेऊन चालत आलेला माणूस दमलेला असतो, भुकेला असतो, आणि तासाभरात परत जाण्याची घाई त्याला नसते. तो रात्र काढतो, न्याहारी करतो, घरच्या माणसांशी बोलतो. त्याचा पैसा हॉटेलांच्या मालकांकडे न जाता त्या चुलीपाशीच राहतो. असे मुक्काम वाढले, तर गळणारे छप्पर रीतसर दुरुस्त करून घेण्याइतके बळ गावाला येईल, आणि घराचा मुलगा घर सोडून जाण्याआधी दोनदा विचार करील.

तेव्हा अशा गावाला जावे की जाऊ नये, हा प्रश्नच नव्हे. कसे जावे हा प्रश्न आहे. सहलीच्या होडीने येऊन किल्ल्याचे छायाचित्र घेऊन जाणारा माणूस मुसाफरच राहतो. तो वाईट नसतो, फक्त उंबरठ्यापर्यंत पोहोचलेला नसतो. जो एक रात्र थांबतो, बुडालेल्या भिंतींपासून हात दूर ठेवतो, कबरीवर बसून न्याहारी करीत नाही, रुमाल घेताना घासाघीस करतो पण अपमान करीत नाही, आणि 'होश गेल्दिनिझ'ला 'होश बुल्दुक' असे उत्तर देण्याइतकी भाषा शिकून येतो, त्याला गाव आपल्या शब्दाने हाक मारते.

सकाळी परतीची होडी निघते तेव्हा सूर्य केकोवा बेटाच्या मागून वर आलेला असतो. पाण्यातली शवपेटी निम्मी सोनेरी, निम्मी काळी दिसते. धक्क्यावर एखादी म्हातारी उभी राहते आणि निघालेल्या होडीच्या मागे भांडेभर पाणी ओतते. तुर्कस्तानात जाणाऱ्याच्या मागे असे पाणी ओततात. पाण्यासारखे सहज जा आणि पाण्यासारखे सहज परत या, असे त्यातून सुचवायचे असते. पाणी समुद्रात मिसळते, होडी वळते, आणि म्हातारी भांडे घेऊन चढणीला लागते. दुपारच्या होड्या येण्याआधी तिला रुमाल मांडायचे असतात.